चिंचोका आणि ओंडका

मी जळते. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं वाचून कुणाला वाटायचं की बाई मोठेपणाचा आव आणून राहिली. पुस्तकी लोक याला असूया म्हणतात. आमच्या घरी जळणंच म्हणतात, आणि तेच खरं आहे, कारण ते होतं छातीच्या जरा खाली, पित्त होतं तिथंच. गेलं वर्षभर मी एका बाईवर जळते आहे. बाई वाईट असती तर मी तिला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. ती चांगली आहे, हाच तर सगळा त्रास आहे.

पहिल्यांदा माझं सांगते. जबलपूरच्या एका बी.एड. कॉलेजात मी जीवशास्त्र कसं शिकवायचं ते शिकवते. उद्या शाळेत जे शिक्षक होणार, ते माझ्या हाताखालून जातात. आजोबा वर्ध्याकडून इकडे आले, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात घर आहे, नवरा कारखान्यात आहे, एक पोरगी आहे, नववीतली. ती माझ्यासमोर मला आई म्हणते, कारण मी तसा नियम केला आहे. बाहेर मम्मीच म्हणते. मराठी तिला सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच निघते.

माझ्या बरोबरीच्या बायका गुडघ्याच्या डॉक्टरकडे चकरा मारू लागल्या, तेव्हा मी पीएचडीला नाव नोंदवलं. नवरा म्हणाला, आता काहून? मी म्हटलं, आता नाही तर मग केव्हा, तेराव्याला? विषय माझा मी शोधला होता: मुलांना झाडांबद्दल खरोखर काय वाटतं. पुस्तकात काय छापलंय ते नाही, मनात काय आहे ते. त्याची रीतही मीच बसवली. मुलाच्या एका हातात चिंचोका द्यायचा, दुसऱ्या हातात चिंचेच्या लाकडाचा ओंडका. विचारायचं, हा एवढासा होता, त्याचं हे एवढं झालं, तर हे वाढलेलं सगळं आलं कुठून?

बहुतेक मुलं मातीतून म्हणतात. मोठी माणसंही तेच म्हणतात. खरं उत्तर हवा आणि पाणी असं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन झाड उन्हात आपलं अंग बनवतं, मातीतून अगदी थोडं घेतं. पण माझ्या कामाला खरं उत्तर नको होतं. मला चुकीचंच हवं होतं. मूल चुकतं कुठं, आणि त्याला तसं काहून वाटतं, हे कळल्याशिवाय त्याला शिकवायचं कुठून सुरू करणार? तेव्हा मुलानं मनातलं बोलणं महत्त्वाचं. त्यासाठी मी एक वाक्य तयार केलं होतं, आणि प्रत्येक मुलाला बोलणं सुरू करण्याआधी ते म्हणायचंच, असा नियम केला होता: “तुम जो बोलोगे, वो हम तुम्हारी टीचर को नहीं बताएँगे, घर पर भी नहीं.” माझ्या गाईड मॅडमना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या प्रोजेक्टमध्येही घातलं. मॅडम कौतुक करणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली तरी मी घरी येऊन शिरा करायची.

मग ती आली.

नवरा लष्करात, बदली होऊन जबलपूरला. माहेर पुण्याचं, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., वयानं माझ्याहून कितीतरी लहान. घरी बसून कंटाळा येतो म्हणून मॅडमच्या प्रोजेक्टवर लागली. म्हणजे बघा, मी वर्षानुवर्षं कॉलेज, स्वयंपाक, सासूचं पथ्यपाणी सांभाळून जिथं पोचले, तिथं ही कंटाळा आला म्हणून आली. पहिल्याच दिवशी मी कुणाला तरी काहून उशीर झाला असं विचारलं, तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, किती गोड बोलता हो ताई तुम्ही. गोड. मी काय दोन वर्षांची आहे का? त्या दिवसापासून मी तिच्यासमोर काहून गिळून का म्हणायला लागले, आणि ती मात्र हौसेनं काहून म्हणायला लागली.

मॅडमनी सांगितलं, हिला काम शिकवा. शिकवणं माझ्या रक्तात आहे, मी मन लावून शिकवलं. चिंचोका कसा द्यायचा, ओंडका जड आहे तो मुलाच्या मांडीवर कसा ठेवायचा, मोबाइलवर आवाज कसा धरायचा, ते वाक्य कसं म्हणायचं. ती ताई ताई करत सगळं शिकली. तिला साड्या घ्यायच्या होत्या तर बडा फुहाऱ्याच्या बाजारात पण मीच घेऊन गेले, म्हटलं नवीन आहे, लुबाडतील. भाव मी करत होते, घसा कोरडा पडेस्तोवर. त्या दुकानदारानं माझ्यासमोर आजवर कधी पाणी ठेवलेलं नाही. तिला म्हणाला, दीदी बैठिए, चाय मँगवाते हैं. तिनं काय केलं होतं? दुकानदाराला विचारलं होतं की हे दुकान तुमच्या वडिलांचं का, आणि मग त्याचं बोलणं ऐकत बसली होती. तिथंच मला कळायला हवं होतं.

मझौलीच्या एका शाळेत सातवीच्या दोन तुकड्या होत्या. एक माझ्या पीएचडीसाठी, एक मॅडमच्या प्रोजेक्टसाठी तिला. शाळा तीच, पुस्तक तेच, वर्गांना विज्ञान शिकवणारे सरही तेच. ओंडकाही एकच. तो माझ्या नवऱ्यानं लाकडाच्या टालावरून आणून दिला होता, आम्ही आलटून पालटून वापरायचो. माझ्या मुलांनी एकापेक्षा एक उत्तरं दिली. मातीपासून सुरुवात करायची, पण शेवटी बरोबर हवेवर येऊन पोचायची. मी खूश. मला वाटलं, गावातली लेकरं म्हणून आपण उगाच कमी लेखतो.

तिच्या मुलांना काहीच येत नव्हतं. एक म्हणे, झाड माती खातं, म्हणून तर जुन्या झाडाखाली खड्डा पडतो. एकाचं म्हणणं, पाणी आत जाऊन गोठतं, त्याचंच लाकूड होतं. एका मुलीनं सांगितलं की झाड रात्री झोपेत वाढतं, तिचा धाकटा भाऊ वाढतो तसंच, आणि म्हणून रात्री झाडाला हात लावू देत नाहीत. मॅडमनी ते तिच्याकडून ऐकलं आणि खुर्चीत मागं टेकून हसल्या. मी मॅडमना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या विभागातल्या सरांना बोलावलं, त्यांना ऐकवलं, चहा मागवला, पुन्हा ऐकवलं. मी तिथंच, माझी बरोबर उत्तरं घेऊन बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा मी घेतला नाही, आणि कुणी विचारलंही नाही की काहून नाही घेतला.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. एकाच शाळेत एका तुकडीला सगळं येतं आणि दुसरीला काही येत नाही, हे कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी तुकडी हुशार असेल. मॅडमनी हात पुढं केला. माझा मोबाइल मागून घेतला आणि टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

“मिट्टी से,” एक पोरगा म्हणाला.

“अच्छाऽऽ? मिट्टी से?” हा माझा आवाज. “पक्का? सोचो बेटा.”

“पानी से?”

“हाँ, और?”

“और... हवा से?”

“शाबास!”

मॅडमनी दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच. कुठं सोचो बेटा, कुठं और, कुठं नुसता माझा लांब हुंकार, आणि हुंकार ऐकला की मूल लगेच उत्तर बदलायचं. त्यांना विज्ञान येत नव्हतं, माझा आवाज ओळखता येत होता. वीस वर्षं वर्गात काढल्यावर बाईचं तोंड असंच होतं हो. चुकीचं उत्तर ऐकलं की ते आपोआप वाकडं होतं. कुंभाराला कोणी म्हटलं की चाक फिरव पण मडकं होऊ देऊ नको, तर तो काय करेल?

मॅडमनी मोबाइल बंद केला. “पढ़ाया तो आपने बहुत बढ़िया,” त्या म्हणाल्या. “अब इंटरव्यू सुनाइए.”

ती बाजूलाच होती. ती हसली असती, निदान तोंड दाबलं असतं, तरी मला बरं वाटलं असतं. ती खाली मान घालून चिंचोके पिशवीत भरत बसली.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. ही रेकॉर्डिंग माझ्या प्रबंधात चालणार नाहीत. पीएचडीची मुदत मी एकदा वाढवून घेतली होती, आता पुन्हा मिळणार नव्हती. मझौलीची शाळा परीक्षेआधी आणखी एकदाच येऊ देणार होती, नव्या तुकडीबरोबर. तेव्हा मुलांशी बोलायला हिला पाठवायचं, आणि त्यावरचा अभ्यास मी करायचा. प्रबंधात एक ओळ टाकायची की मुलाखती अमुक यांनी घेतल्या. मॅडमच्या दृष्टीनं विषय संपला. माझ्या डोळ्यांसमोर ती ओळ आली. माझा विषय, माझी रीत, माझ्या नवऱ्यानं आणलेला ओंडका, आणि मुलं बोलणार हिच्याशी. मी म्हटलं, मॅडम, एक संधी द्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सोमवारपर्यंत एक रेकॉर्डिंग आणा म्हणाल्या, कुठल्याही मुलाचं, एकच, पण ज्यात तुम्ही शिकवलेलं नसेल. आणलंत तर मझौलीला तुम्ही जा.

एवढंच. एका मुलाशी बोलायचं आणि गप्प बसायचं.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला धरलं. त्याच्या हातात चिंचोका दिला. तो म्हणाला, आधी चहा दे. चहा दिला, मग विचारलं की हे एवढं लाकूड आलं कुठून. तो म्हणाला टालावरून. मी म्हटलं चेष्टा पुरे, नीट सांगा. तर म्हणे खतानं झालं असेल. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं: खतानं? जरा विचार करा. तो उठून टीव्ही लावायला गेला. जाता जाता म्हणाला की लग्न झाल्यापासून मी विचारच करून राहिलो आहे.

ओंडका तिच्याकडे होता, म्हणून शनिवारी तिला फोन केला. स्वतःच घेऊन आली, सोबत नारळाच्या वड्याही. मी तिला गॅलरीत बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले, कुकर लावायचा होता. गॅलरीत पोरगी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होती. आमची पोरगी म्हणजे काय विचारता. शाळा कशी झाली, ठीक. जेवलीस का, हो गया. काय झालं, कुछ नहीं. दोन शब्दांपलीकडे माझ्या वाट्याला काही येत नाही. आणि गॅलरीतून बोलणं ऐकू यायला लागलं, अखंड. मी कुकरचं झाकण हातात धरून उभी राहिले.

पोरगी तिला सांगत होती की झाडं हवेतून बनतात, हे पुस्तकात आहे, मम्मीनंही कितीदा शिकवलंय, पण मला अजून वाटतं की माती खातात. या कुंडीतली माती बघा ना, किती खाली गेली. मला इकडे धक्काच बसला. हे मी तिला स्वतः समजावलं होतं, चित्र काढून, आणि ती हो हो म्हणाली होती. ती बाई काय म्हणाली असेल? काही नाही. नुसतं अच्छा. त्या अच्छामध्ये ना होकार ना नकार, नुसती वाट पाहणं. पोरगी पुढं बोलत राहिली. मग आवाज खाली आला.

“एक और बात है,” पोरगी म्हणाली. “मम्मी को मत बताना.”

नेमकं तेव्हाच दुसऱ्या शेगडीवरच्या डाळीच्या कुकरनं शिटी दिली. ती चांगली लांब चालली. ती संपल्यावर पोरीचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, आणि मध्येच दोघी हसल्या. मग पुन्हा बारीक आवाज, बराच वेळ. मी सांगितलं ना, ते छातीच्या जरा खाली होतं. आजवर मी कामावरून जळत होते. ते काहीच नव्हतं, बाप्पा. त्या दिवशी कळलं जळणं म्हणजे काय असतं. नारळाच्या वड्या मी डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी एकटीनं दोन खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

रविवारी दुपारी मी पोरीला बोलावलं. ठरवूनच टाकलं होतं, बाहेरचं मूल कशाला, हीच. आता हिच्या मनात माती आहे हे मला ठाऊक होतं. तिनं फक्त बोलायचं होतं आणि मी फक्त गप्प बसायचं होतं. तिच्या मांडीवर ओंडका ठेवला, हातात चिंचोका दिला, मोबाइल सुरू केला. नियमाप्रमाणे वाक्य म्हटलं, की तू जे बोलशील ते टीचरना सांगणार नाही, घरीही नाही. ते म्हणताना मलाच कसंतरी झालं. मग प्रश्न विचारला.

पोरगी ताठ बसली. झाडं हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात, मुळांनी पाणी घेतात, सूर्याच्या प्रकाशात आपलं अन्न बनवतात, त्या अन्नातून लाकूड बनतं. एका दमात म्हणून दाखवलं, हिंदीत, पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. कुंडीचं नाव नाही, मातीचं नाव नाही. मी ओठ दाबून धरले. सोचो बेटा म्हटलं नाही. शाबास म्हटलं नाही. हुंकारसुद्धा दिला नाही. त्या बाईसारखं, जमेल तितकं तिच्या आवाजात, म्हटलं, “अच्छा.”

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी वाट पाहत होते, तीही वाट पाहत होती. मोबाइल चालूच होता. तिनं चिंचोका या हातातून त्या हातात घेतला. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

“गलत था क्या, आई?”

मला वाटतं त्या वेळी मी मनात मॅडमचा, मझौलीचा, त्या ओळीचा हिशेब करायला हवा होता. मी केला नाही. मी म्हटलं, नाही गं, बरोबर आहे, एकदम बरोबर, शाबास. पोरीचा जीव भांड्यात पडला. ओंडका माझ्या मांडीवर ठेवून ती उठली आणि मैत्रिणीला फोन करायला आत गेली. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं की तिलाच जाऊ द्या. मॅडमनी कारण विचारलं नाही. ठीक है म्हणाल्या, आणि नव्या तुकडीची तारीख ठरवली.

शाळेतल्या लोकांना माझी ओळख होती, म्हणून मीही बरोबर जायचं ठरलं. तिनं स्वतःची गाडी काढली. ती गाडी चालवत होती, ओंडका मागच्या सीटवर होता, चिंचोके माझ्या पर्समध्ये. सिहोऱ्यापर्यंत आम्ही तिच्या नवऱ्याच्या पुढच्या बदलीबद्दल बोललो, माझ्या सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोललो. प्रबंधातल्या ओळीबद्दल ती एकदा म्हणाली, ताई, माझं नाव नाही टाकलंत तरी चालेल. मी म्हटलं, टाकीन, नियम आहे. एवढं चांगलं वागायची काय गरज असते लोकांना, देव जाणे.

सिहोरा सोडून गाडी मझौलीच्या रस्त्याला लागल्यावर मी खिडकीबाहेर बघत, अगदी सहज असल्यासारखं विचारलं, की त्या दिवशी गॅलरीत पोरगी काय बोलून राहिली होती. ती म्हणाली झाडांबद्दल, कुंडीतल्या मातीबद्दल. मी म्हटलं, ते नाही, त्यानंतरचं. तिनं हॉर्न वाजवला. समोर ट्रॅक्टर होता, त्याला ओलांडून पुढं गेली. मी म्हटलं, माझीच पोरगी आहे, मला कळायला नको? माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू आला.

“तिनं सांगू नका म्हटलंय, ताई,” ती म्हणाली. मग अगदी मऊ आवाजात: “आणि ते वाक्य मला तुम्हीच शिकवलंत ना. घर पर भी नहीं.”

काळजी करण्यासारखं काही नाही एवढं तिनं पुढं सांगितलं, आणि मी मान हलवून हाव म्हटलं.

शाळेत हेडमास्तरांनी एक खोली दिली. मी टेबल भिंतीपासून ओढलं, ओंडका ठेवला, चिंचोका ठेवला, तिच्या मोबाइलची बॅटरी बघितली. पहिली मुलगी आली, दोन वेण्या, निळी रिबन. तिनं मला पाहिलं आणि पाय जुळवून गुड मॉर्निंग मॅम म्हणाली. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसली.

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आतून माझंच वाक्य ऐकू आलं, तिच्या पुणेरी हिंदीत, शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. मग मुलगी बोलायला लागली, हळू आवाजात, न थांबता. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि कान लावला, पण शब्द कळत नव्हते.